लेअर बिघडतो म्हणजे नेमके काय बिघडते?

फोटोशॉप असो, गिम्प असो की क्रिता, लेअर वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकत गेले की त्या तीनच प्रकारच्या निघतात. ब्रश फिरवतो आहे, पण काही उमटत नाही. उमटले असावे, पण दिसत नाही. आणि तिसरी, सगळ्यांत महागात पडणारी: माझ्या पडद्यावर व्यवस्थित होते, पण छापून आले किंवा दुसऱ्याच्या संगणकावर उघडले तेव्हा भलतेच निघाले. तिन्हींची कारणे वेगळी आहेत. तरी सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो: सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर सगळ्या सेटिंग्ज पुसून टाका. हा सल्ला मला घातक वाटतो. लेअरच्या अडचणींत खरा बिघाड क्वचितच असतो. सॉफ्टवेअर मिळालेला हुकूम तंतोतंत पाळत असते. या क्षणी कोणता हुकूम लागू आहे, हे मात्र काम करणाऱ्याला दिसत नसते. म्हणून उपाय पाठ करण्याआधी निदानाची रीत अंगवळणी पडायला हवी, आणि त्यासाठी लेअर आले कसे हे थोडे पाहावे लागते.

थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेले फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आले, तेव्हा त्यात लेअर नव्हते. एका फोटोवर दुसरा चिकटवला की सिलेक्शन सुटेपर्यंत तो वर तरंगायचा, आणि सिलेक्शन सुटले की खालच्या चित्रात कायमचा मिसळून जायचा. लेअर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. चौथ्या आवृत्तीत १९९६ मध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेअर आले, पाचव्या आवृत्तीत १९९८ मध्ये केलेल्या कामाची हिस्टरी आली, आणि २००५ च्या सीएस-२ मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट. पारदर्शकतेचे गणित याहून जुने आहे. अल्फा चॅनेलची कल्पना एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली. पुढे १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरे चित्र ठेवले तर प्रत्येक बिंदूचे काय होते याचे नियम लिहून ठेवले. आजही बहुतेक सॉफ्टवेअर त्या नियमांवरच चालते.

या इतिहासामुळे एक गोष्ट लगेच उलगडते. फोटो उघडला की फोटोशॉपमध्ये सगळ्यांत खाली कुलूप लावलेला ‘बॅकग्राउंड’ दिसतो. तो लेअरच्या यादीत बसलेला असला तरी पूर्ण अर्थाने लेअर नाही. लेअर येण्याआधीच्या काळातले ते अपारदर्शक चित्र आहे. त्याला पारदर्शकता नाही, त्याची जागा बदलता येत नाही, त्याच्याखाली काही सरकवता येत नाही. त्यावर खोडरबर फिरवला तर मागचे चौकटी-चौकटीचे पार्श्वचित्र न दिसता पार्श्वरंग भरला जातो. नवशिक्याला वाटते खोडरबर बिघडला. बॅकग्राउंडच्या ओळीवर डबल क्लिक करून त्याचा साधा लेअर केला की हा प्रश्न मिटतो. गिम्पमध्येही हाच अनुभव दुसऱ्या वाटेने येतो. जेपीजी उघडल्यावर त्या लेअरला अल्फा चॅनेल नसतो, म्हणून खोडरबर पार्श्वरंग ओततो. लेअरच्या मेनूतून अल्फा चॅनेल जोडला की पुसलेली जागा खरोखर पारदर्शक होते.

आता पहिली तक्रार, काही उमटतच नाही. तिच्यावर सविस्तर लिहायला हवे, कारण शिकणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ हीच खाते. वीज गेली तर चांगला वायरमन भिंत फोडत नाही. मेन स्विच, मग फ्यूज, मग होल्डर अशा क्रमाने टेस्टर लावत जातो. इथेही तसा क्रम आहे, आणि तो कधी बदलू नये. सर्वांत आधी पाहावे: निवडलेला लेअर कोणता? डोळ्याला चित्रातले फूल दिसत असते, पण यादीत निवडलेली असते ती वरची रिकामी पट्टी. मूव्ह टूलचा ‘ऑटो सिलेक्ट’ चालू असेल तर चित्रावर नुसते क्लिक केले तरी निवड बदलते, आणि पुढचे दहा फटकारे चुकीच्या लेअरवर पडतात. अनेक लेअरच्या कामात तो पर्याय बंदच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. हवा तेव्हा कंट्रोल दाबून क्लिक केले की तो तेवढ्यापुरता मिळतो.

लेअर बरोबर असला तरी दुसरा प्रश्न उरतोच: ब्रश लेअरवर चालतो आहे की त्याच्या मास्कवर? फोटोशॉपमध्ये एका ओळीत दोन छोटी चित्रे शेजारी-शेजारी असतात आणि निवडलेल्या चित्राभोवती बारीक चौकट असते. ती चौकट इतकी नाजूक आहे की थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही. मास्क निवडलेला असेल तर लाल रंग घेऊन कितीही रंगवा, करडी छटाच लागेल आणि चित्राचा तेवढा भाग अर्धवट विरेल, कारण मास्कवर पांढरा म्हणजे दाखवा, काळा म्हणजे लपवा आणि करडा म्हणजे अर्धवट दाखवा. अ‍ॅडजस्टमेंट लेअर निवडलेला असेल तेव्हा तर रंगवण्यासाठी मास्कशिवाय दुसरे काहीच नसते. मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट दाबून क्लिक केले की मास्क पूर्ण पडद्यावर उघडतो, शिफ्ट दाबून क्लिक केले की तो तात्पुरता बंद होतो. हे दोन क्लिक ज्याला येतात त्याच्या निम्म्या शंका जागीच फिटतात.

तिसरे कारण म्हणजे विसरलेले सिलेक्शन. चित्राच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दहा-वीस बिंदूंचे सिलेक्शन शिल्लक असते, आणि त्याच्या बाहेर ब्रश काही करत नाही. कंट्रोल आणि एच दाबून सिलेक्शनची सरकती रेघ लपवलेली असेल, तर ते शोधूनही सापडत नाही. कडा फार मऊ केलेल्या सिलेक्शनमध्ये ती रेघ मुळातच दिसत नाही, कारण ती निम्म्याहून अधिक निवडलेल्या बिंदूंभोवतीच काढली जाते. कंट्रोल-डी दाबणे हा यावरचा उपाय. कशाचीही शंका असो, आधी कंट्रोल-डी दाबून पाहावे. सिलेक्शन नसेल तर नुकसान काहीच नाही.

चौथे कारण आकड्यांच्या कळांत दडलेले असते. फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना ५ दाबले तर ब्रशची ओपॅसिटी ५० टक्के होते, आणि मूव्ह टूल हातात असताना तीच कळ लेअरची ओपॅसिटी ५० करते. टाइप करण्याच्या भरात चुकून दाबलेल्या एखाद्या आकड्याने ब्रश दहा टक्क्यांवर येतो आणि आपल्याला वाटते तो चालतच नाही. शिफ्टसह अधिक-उणे चिन्ह दाबले की ब्रशचा मोड बदलतो. तो ‘बिहाइंड’वर गेला तर रंग फक्त पारदर्शक जागेत लागतो, भरलेल्या भागावर लागतच नाही. क्यू दाबला गेला तर क्विक मास्क सुरू होतो आणि ब्रशमधून लालसर पडदा उमटतो. तिरकी रेघ दाबली तर पारदर्शक बिंदूंना कुलूप लागते. या एकेका कळीने बदललेली स्थिती पडद्याच्या कडेला कुठेतरी बारीक अक्षरांत दिसत असते, पण तिकडे पाहायला कोणी शिकवलेले नसते.

क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रशची गोष्ट थोडी निराळी आहे. मूळ फोटो शाबूत राहावा म्हणून शहाणा माणूस वर रिकामा लेअर घेऊन त्यावर डाग पुसतो. पण नमुना ‘करंट लेअर’वरूनच घ्यायचा असे ठरवलेले असेल, तर रिकाम्यातून रिकामेच उचलले जाते. पर्याय ‘करंट अँड बिलो’ करावा लागतो. ‘ऑल लेअर्स’ केले तर आणखी एक गोम आहे: वर उजेड वाढवणारा अ‍ॅडजस्टमेंट लेअर असेल, तर उजळलेला नमुना उचलला जातो आणि त्यावर तोच लेअर पुन्हा लागू होऊन डागाच्या जागी पांढुरका ठिपका उमटतो. शेजारचे अ‍ॅडजस्टमेंट लेअर वगळण्याचे बटण त्यासाठीच आहे. लग्नाच्या फोटोंत चेहऱ्यावर असे ठिपके राहिलेले दिसतात ते बहुतेक याच कारणाने.

गिम्पमध्ये या तक्रारीला दोन खास कारणे आहेत. तिथे प्रत्येक लेअरला स्वतःची हद्द असते, ती पिवळ्या-काळ्या तुटक रेघेने दाखवतात, आणि त्या हद्दीबाहेर ब्रश काही करत नाही. लेअर चित्राएवढा करण्याची आज्ञा मेनूत आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत रंगवताना लेअर आपोआप वाढवण्याचाही पर्याय मिळाला. दुसरे कारण तरंगते सिलेक्शन. जुन्या आवृत्त्यांत काही चिकटवले की ते अधांतरी राही, आणि त्याला खालच्या लेअरवर बसवेपर्यंत किंवा त्याचा नवा लेअर करेपर्यंत दुसऱ्या लेअरवर काम करता येत नसे. १९९० च्या फोटोशॉपमधली तीच जुनी रीत गिम्पमध्ये इतकी वर्षे टिकली. आता ३.० मध्ये चिकटवलेली गोष्ट थेट नवा लेअर म्हणून येते. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

स्मार्ट ऑब्जेक्टच्या बाबतीत तक्रार जरा वेगळ्या रूपात येते. एका फोटोच्या प्रती केल्या, एकीत बदल केला आणि सगळ्याच बदलल्या. कंट्रोल-जे दाबून केलेली स्मार्ट ऑब्जेक्टची प्रत मूळ आशयाशी बांधलेली असते, म्हणून असे होते. स्वतंत्र प्रत हवी असेल तर ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ वापरावे लागते. आणि आतले चित्र उघडून दुरुस्त केल्यावर नुसते ‘सेव्ह’च करायचे, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून दुसरीकडे ठेवले तर दुरुस्ती मूळ फाइलमध्ये पोहोचतच नाही.

दुसरी तक्रार दिसण्याची. लेअर आहे, त्यावर मजकूर आहे, पण चित्रात नाही. डोळ्याचे चिन्ह बंद आहे का, हे सगळे पाहतात. ज्या ग्रुपमध्ये तो लेअर आहे त्याचा डोळा बंद आहे का, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वर एखादा भरलेला लेअर झाकण घालून बसलेला असतो. लेअर चौकटीबाहेर सरकलेला असतो. तो खालच्या लेअरला क्लिप झालेला असतो, म्हणजे खालच्या आकाराच्या आतच दिसतो. दोन ओळींच्या मधल्या रेघेवर ऑल्टसह चुकून क्लिक झाले की हे घडते. कधी ओपॅसिटी शंभर असते पण ‘फिल’ शून्य असते, त्यामुळे लेअरची सावली दिसते आणि लेअर मात्र दिसत नाही. आणि यादीतूनच लेअर गायब झाले असतील, तर २०१२ च्या सीएस-६ पासून आलेला यादीवरचा फिल्टर चालू राहिलेला असतो. तो बंद केला की सगळे लेअर जागच्या जागी असतात.

झाकणारा लेअर शोधण्याची सर्वांत जलद युक्ती म्हणजे एका डोळ्यावर ऑल्ट दाबून क्लिक करणे. बाकीचे सगळे लेअर बंद होतात आणि तो एकटा दिसतो. पुन्हा तसेच केले की पूर्वस्थिती परत येते. पन्नास लेअरच्या फाइलमध्ये निम्मे बंद करून पाहायचे, दोष राहिला तर उरलेल्यांतले निम्मे बंद करायचे. सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

याच गटात कटिंगच्या कडांवरची पांढरी रेघ येते. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला फोटो कापून गडद पार्श्वभूमीवर ठेवला की केसांभोवती उजळ वलय दिसते. लेअरचा त्यात दोष नाही. कडेवरच्या अर्धपारदर्शक बिंदूंत जुन्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो, आणि तो नव्या जागी उघडा पडतो. फोटोशॉपमध्ये ‘मॅटिंग’मधला ‘डीफ्रिंज’ एक-दोन बिंदूंनी हा रंग बदलतो. ‘सिलेक्ट अँड मास्क’मधला रंगशुद्धीचा पर्याय अधिक नीट काम करतो. खोडरबराने कडा घासत बसू नये, त्याने केस तुटक दिसतात. आणखी एक फसवणूक आता फार वाढली आहे: ‘पारदर्शक पीएनजी’ म्हणून उतरवलेल्या चित्रात करड्या-पांढऱ्या चौकटी खरोखरच रंगवलेल्या असतात. त्या पारदर्शकतेची खूण नसून साधे बिंदू असतात, आणि ते हाताने कापण्याला पर्याय नसतो. खरा पीएनजी लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तरी त्याचा जेपीजी होतो आणि पारदर्शकता जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

आता तिसरी तक्रार. इथे पैसे बुडतात, म्हणून इथे थांबणे भाग आहे.

लेअर फ्लॅटन केल्यावर चित्र बदलले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बहुतेकांनी चित्र ३३ किंवा ६६ टक्क्यांवर पाहिलेले असते. लहान करून दाखवताना सॉफ्टवेअर प्रत्येक लेअरची आधी लहान केलेली प्रत घेऊन त्यांचे मिश्रण करते. फ्लॅटन केल्यावर मिश्रण पूर्ण आकारात होते आणि मग लहान केले जाते. बारीक पोत, ग्रेन किंवा धारदार कडा असलेल्या लेअरवर दोन्हींचे उत्तर सारखे येत नाही. अंतिम निर्णय नेहमी १०० टक्क्यांवर पाहूनच घ्यावा. मर्ज करण्याचीही अशीच अडचण आहे. मल्टिप्लाय मोडचे दोनच लेअर एकत्र केले तर त्यांचे खालच्या चित्राशी असलेले गणित तुटते. मर्ज करायचेच असेल तर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-ई दाबून सगळ्या दिसणाऱ्या चित्राची वेगळी प्रत घ्यावी आणि मूळ लेअर तसेच ठेवावेत.

छपाईसाठी आरजीबीचे सीएमवायके करताना फोटोशॉप विचारते की आधी फ्लॅटन करू का. हा प्रश्न घाईत टाळला जातो. ब्लेंड मोड फाइलच्या रंगपद्धतीतच गणित करतात. पद्धत बदलली की त्याच मोडचे उत्तर बदलते. व्हायब्रन्स आणि ब्लॅक अँड व्हाइट हे अ‍ॅडजस्टमेंट तर सीएमवायकेमध्ये मिळतच नाहीत. शाईचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. रूपांतर करताना रंगाचा प्रोफाइल एकूण शाईला मर्यादा घालतो. चकचकीत कागदासाठी ती ३०० टक्क्यांच्या आसपास असते, वृत्तपत्री कागदासाठी सुमारे २४०. लेअर फ्लॅटन न करता रूपांतर केले तर प्रत्येक लेअर वेगळा मर्यादेत बसतो, आणि त्यावर मल्टिप्लायची सावली पडली की बेरीज मर्यादेच्या वर जाते. काळपट भाग ओला राहतो, पुढच्या पानाला लागतो. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर गडद पार्श्वभूमीला सावल्या देण्याची हौस फार, तिथे हे हमखास घडते. माझा सल्ला स्पष्ट आहे: लेअरची आरजीबी फाइल जपून ठेवा, तिची प्रत फ्लॅटन करा आणि प्रतीचेच सीएमवायके करा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर बदललेले चित्र हाही याच कुळातला प्रश्न. २०१८ च्या गिम्प २.१० पासून साधा नॉर्मल मोडही प्रकाशाच्या रेषीय गणिताने मिश्रण करतो, तर फोटोशॉप मूळ सेटिंगमध्ये तसे करत नाही. त्यामुळे अर्धपारदर्शक सावल्या आणि मऊ कडा दोन्हीकडे वेगळ्या दिसतात. गिम्पने जुने मोड ‘लेगसी’ म्हणून ठेवले आहेत ते यासाठीच. ग्रुपचा मोड ‘पास थ्रू’ आहे की ‘नॉर्मल’, यावर आतला अ‍ॅडजस्टमेंट लेअर खालच्या सगळ्या चित्रावर लागू होणार की ग्रुपपुरता राहणार, हे ठरते. आणि दुसऱ्याने पाठवलेली पीएसडी उघडल्यावर पांढऱ्या पानावर ही फाइल एकत्रित चित्रासह साठवलेली नाही एवढीच इंग्रजी सूचना दिसली, तर पाठवणाऱ्याने कम्पॅटिबिलिटीचा पर्याय बंद ठेवलेला असतो. तो चालू ठेवल्याने फाइल मोठी होते, हे खरे. तरीही तो चालूच ठेवावा.

मराठीत काम करणाऱ्यांची एक अडचण परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. ती टेक्स्ट लेअरची. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केले आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरांचे पाय मोडले, रफार हरवला, तर फॉन्टला दोष देण्याआधी मजकुराचे इंजिन पाहावे. लॅटिन आणि पूर्व आशियाई लिप्यांसाठीचे इंजिन देवनागरीची जोडणी करत नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर दक्षिण आशियाई लिप्यांचा, म्हणजे ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय निवडावा लागतो, आणि आधीच लिहिलेल्या लेअरला परिच्छेदाच्या मेनूतून तोच कंपोजर द्यावा लागतो. नव्या आवृत्त्यांत सर्व लिप्यांचे एकच इंजिन आले आहे, पण जुन्या फाइलींतले लेअर जुन्या रीतीनेच साठवलेले असतात. गिम्प मजकुरासाठी पँगो वापरते, त्यामुळे तिथे देवनागरी सहसा नीट जुळते.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतींच्या फॉन्टची गोष्ट अधिक अवघड आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या या सॉफ्टवेअरने मराठी डीटीपी उभी केली, हे ऋण मान्यच आहे. पण त्या काळच्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर लेअर उघडून संपादनाला हात लावला की मथळ्याच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी येते. हात लावेपर्यंत मात्र मजकूर बरोबर दिसतो, कारण फोटोशॉप टेक्स्ट लेअरचे शेवटचे चित्र फाइलमध्ये साठवते. म्हणून फॉन्ट नसल्याचा इशारा आला की लेअरवर डबल क्लिक करू नये. पाठवणाऱ्यानेच अंतिम मथळ्याची एक प्रत शेपमध्ये बदलून द्यावी आणि टेक्स्ट लेअर लपवून सोबत ठेवावा. नव्या कामासाठी युनिकोड फॉन्टच घ्यावेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू मुक्त परवान्याने मिळतात, मग जुन्या फॉन्टना चिकटून राहण्याचे कारण उरत नाही.

आकाराबद्दल थोडक्यात. ए-३ पान ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ बिंदूंचे होते. आठ बिट आरजीबीमध्ये असा एक भरलेला लेअर सुमारे ५० एमबी जागा घेतो, सोळा बिटमध्ये दुप्पट. वीस लेअरची फाइल मेमरी का खाते याचे उत्तर एवढ्यात आहे. पीएसडीची मर्यादा एका बाजूला ३०,००० बिंदू आणि २ जीबी. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स कोणी ३०० डीपीआयला करायला घेतला तर तो ३६,००० बाय ७२,००० बिंदूंचा होतो आणि पीएसडीत साठवताच येत नाही. त्यासाठी ३,००,००० बिंदूंपर्यंत जाणारा पीएसबी प्रकार लागतो. लांबून पाहायच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय पुरेसे असतात. मेनूतला एखादा फिल्टर करडा दिसत असेल तरी कारण बहुधा फाइलचेच असते: फिल्टर गॅलरी सीएमवायकेमध्ये किंवा सोळा बिटमध्ये चालत नाही, आणि इंडेक्स्ड रंगाच्या जीआयएफवर तर लेअरही घेता येत नाहीत.

खरे बिघाड असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. लेअर हलवताना काळे चौकोन येणे, डोळा बंद करूनही लेअर पडद्यावर राहणे, ही ग्राफिक्स कार्डाची किंवा त्याच्या ड्रायव्हरची लक्षणे आहेत. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. चित्राची जेपीजी काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहावी. दोष तिथे नसेल तर तो फक्त पडद्याचा आहे. ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर बंद करून आणि ड्रायव्हर नवा करून तो जातो. सेटिंग्ज पुसणे या सगळ्यानंतर यावे. चालू करताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट धरले की फोटोशॉप सेटिंग्ज पुसण्याची परवानगी मागते, पण त्यात रंगांची मांडणी आणि स्वतः लावलेले शॉर्टकटही जातात. छपाईखान्यात रंगांची मांडणी नकळत बदलणे म्हणजे पुढच्या प्रत्येक कामावर परिणाम.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. कुलूपबंद लेअरवर रंगवायला गेले की क्रिता चित्रावरच सांगते की लेअर बंद आहे. गिम्प खालच्या पट्टीत सांगते आणि कुलपाचे चिन्ह लुकलुकवते. फोटोशॉप मध्येच खिडकी उघडून सांगते, पण मास्कवर काम चालू आहे किंवा सिलेक्शन लपलेले आहे याबद्दल काही बोलत नाही. कोणत्या गोष्टीवर फटकारा पडणार हे ब्रशच्या टोकाशी दिसायला हवे. फाइलींच्या देवाणघेवाणीचेही तसेच. लेअरसाठी सर्वांना खुला असा ओपनरास्टर हा प्रकार २००६ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या लोकांनी सुचवला, क्रिता आणि गिम्प तो वाचतात. पण बाजारातली बोली पीएसडीचीच राहिली. इव्हान कुत्स्किर यांचे ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी पीएसडी उघडते आणि विद्यार्थ्यांना फुकट हाताळता येते, ही मात्र मोठी सोय झाली आहे.

डीटीपी आणि फोटो एडिटिंग शिकवणाऱ्या वर्गांना माझी एक विनंती आहे. मुलांना साधने शिकवून झाली की एक मुद्दाम अडवून ठेवलेली लेअरची फाइल त्यांच्यापुढे ठेवा: कोपऱ्यात लपवलेले सिलेक्शन, निवडलेला मास्क, दहा टक्क्यांवरचा ब्रश, शून्य फिलचा एक लेअर आणि नसलेल्या फॉन्टचा मथळा. संगणक पुन्हा चालू न करता आणि सेटिंग्जना हात न लावता ती फाइल कामाला लावायला सांगा, आणि प्रत्येक कारण सापडले की ते वहीत लिहून घ्या.